नदीकाठची वनपट्टी (देवबाग)

नदी, व्हाळ (ओढा) किंवा खाडीच्या काठावर राखलेली अथवा मुद्दाम लावलेली झाडांची पट्टी. वस्ती, शेते आणि रस्त्यांवरून वाहत येणारा गाळ, खत व मैला पाण्यात मिसळण्याआधी ती अडवते. झाडोऱ्यात पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो. मुळांभोवतीच्या ओल्या, प्राणवायू कमी असलेल्या मातीतले जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात.

देवबाग (ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग) ही कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी जीभ. समुद्राच्या अंगाला लाटांशी झुंजणारे दगडी बंधारे, तर नदीच्या अंगाला कांदळवन. इथले पाणी खारे असल्याने गोड्या व्हाळाच्या काठी शोभणारे जांभूळ इथे कामाचे नाही. पट्टी कांदळ, चिपी आणि तिवर यांचीच हवी. कांदळाचे बी झाडावरच रुजते. ते लांबट रोप चिखलात टोचले की लागवड झाली. जागा निवडणे मात्र तितके सोपे नाही. मुळे आणि तिसरे हे शिंपले काढायच्या उघड्या चिखलात रोपे दाटीने लावणे म्हणजे एक उपजीविका मोडून दुसरे जंगल उभे करणे होय. भरतीचे पाणी खेळते असेल, तर पुष्कळदा नुसते गुरांपासून राखण केली तरी कांदळ आपोआप येते.

या पट्टीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. वाळूच्या पोटात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि विहिरी त्याच थरावर चालतात. घर वा पर्यटक निवासाच्या शोषखड्ड्यातून झिरपणारा मैला खाडीपर्यंत पोचण्याआधीच शेजारची विहीर गाठू शकतो. तिथे काठावरची झाडे काही करू शकत नाहीत. खड्डाच नीट बांधावा लागतो.

खरा गुंता मालकीचा आहे. अमेरिकेत अशी पट्टी राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकार वार्षिक भाडे देते. महाराष्ट्रात कायद्याचा भर मनाईवर आहे. वृक्षतोडीच्या १९६४च्या कायद्याच्या अनुसूचीत कांदळ आहे. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की कांदळवनाची जमीन, मालकी कोणाचीही असो, वनच मानावी आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित राहावा. पुढच्याच जानेवारीत निघालेल्या केंद्राच्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने खाजगी जागेतील कांदळवनाला असा संरक्षक पट्टा लागणार नाही, असे म्हटले. देवबागेसारख्या अरुंद गावात ५० मीटर म्हणजे कुणाचे माड, कुणाचे अंगण. आज हौसेने लावलेले झाड उद्या आपल्याच जागेवर बंधन आणील, ही मालकाची धास्ती म्हणूनच अनाठायी नाही.

भरपाईच्या दिशेने उचललेले पाऊल म्हणजे राज्याची २०१७ची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना. २०१२ साली स्थापन झालेल्या वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत ती राबवली जाते आणि खेकडापालन, कालवांची शेती व निसर्गपर्यटन यांना अनुदान देते. शेजारच्या वेंगुर्ल्यात मांडवी खाडीवर महिला बचत गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो.