फेंग शुईतील पलंगाची जागा

फेंग शुई, म्हणजे शब्दशः 'वारा-पाणी', ही चिनी विद्या आज निद्रानाशावरचा तोडगा म्हणून सांगितली जात असली, तरी तिच्या आधारग्रंथांपैकी एक असलेला, गुओ पू (276–324) याच्या नावावर चालत आलेला 'झांग शू' हा ग्रंथ जिवंतांच्या झोपेविषयी नसून दफनाविषयी आहे. 'ची' ही प्राणशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, म्हणून पूर्वजांच्या अस्थी योग्य भूमीत विसावल्या तर वंश वाढतो, ही त्यातील धारणा. वंशाची हीच काळजी पुढे घरात आणि शयनगृहात शिरली.

छिंग राजवटीच्या काळात रूढ असलेल्या एका पद्धतीत दार, मुख्य शयनकक्ष आणि चूल या तीन गोष्टींवरून घराची पारख होई. 'बाझाय', म्हणजे 'आठ घरे', या पद्धतीत जन्मवर्षावरून प्रत्येकाच्या चार शुभ आणि चार अशुभ दिशा निघत. उत्तरेकडे डोके करून झोपू नये, असा महाराष्ट्रातील घरोघरी सांगितला जाणारा सरसकट दंडक त्यामुळे येथे आढळत नाही. मिंग राजवटीच्या काळातील सुतारांच्या 'लू बान जिंग' या ग्रंथाशी जोडलेल्या मोजपट्टीचे धन, रोग, वियोग अशा नावांचे आठ भाग असत आणि पलंगाचे माप शुभ भागावरच यावे लागे. अर्थात, ही सारी चर्चा हलवता येणाऱ्या लाकडी पलंगापुरती; उत्तर चीनमध्ये चुलीच्या धुराने तापणारा, विटांनी बांधलेला 'कांग' हाच बिछाना असल्याने घर बांधतानाच त्याची जागा कायमची ठरून जाई.

पाय दाराकडे करून झोपू नये, कारण प्रेत तसेच बाहेर नेतात, हा संकेत मात्र दिशेच्या गणिताहून साधा आणि बहुधा त्यामुळेच अधिक टिकाऊ ठरला. अमेरिकेत फेंग शुईचे गुरू लिन युन (1932–2010) यांनी होकायंत्र बाजूला ठेवून दारावरूनच खोलीची विभागणी केली, तेव्हा दार दिसेल पण दारासमोर येणार नाही अशी पलंगाची जागा हा मुख्य नियम बनला आणि वंशाच्या जागी शांत झोपेची भाषा आली.

तैवान व हाँगकाँगमध्ये 'आनचुआंग', म्हणजे लग्नापूर्वी पंचांगातील मुहूर्तावर पलंग मांडण्याचा विधी, अजूनही होतो. संततीच्या इच्छेने त्या पलंगावर लहान मुलाला लोळवतात आणि लग्न लागेपर्यंत नवऱ्या मुलाने त्यावर एकट्याने झोपू नये असे मानतात.