वाशी
वाशी : धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. नवी मुंबईतील वाशी वेगळी. गाव बालाघाटाच्या पठारावर वसले आहे. हैदराबाद संस्थानातील हा मुलूख १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर भारतात सामील झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जिल्ह्याचे धाराशिव हे नाव २०२३ मध्ये अधिकृत झाले.

नद्या : बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील गवळवाडीजवळ उगम पावणारी मांजरा (लांबी ७२४ किमी.) तालुक्याच्या उत्तर अंगाने वाहते व पुढे गोदावरीला मिळते. तिची उपनदी तेरणा तालुक्यातील तेरखेडा परिसरात उगम पावते. बालाघाट हा येथील पाणलोटांचा दुभाजक असून शेजारच्या भूम-परंडा भागातील पाणी सीना व भीमा या नद्यांमार्गे कृष्णेकडे जाते. उगमाजवळचा प्रदेश असल्याने नद्यांची पात्रे अरुंद व उथळ आहेत. पावसाळा सरला की धार तुटते आणि डोहांतच काय ते पाणी राहते.

हवामान व वनस्पती : जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो. वार्षिक पर्जन्यमान साधारण ७०० ते ८०० मिमी. असले तरी त्याचा भरवसा नसतो. माळावर बाभूळ, बोर, लिंब, तरवड ही झाडेझुडपे आढळतात. नजीकचे राखीव जंगल म्हणजे येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य.

मासेमारी : वाशी भागात नदीवर बारमाही मासेमारी होणे अवघड. ती प्रामुख्याने साठवण व पाझर तलावांवर अवलंबून असते. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला पाणी आले की चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर सरकतात. त्या दिवसांत पोरेठोरेही ओढ्याच्या काठी दिसतात. मरळ हवेतून श्वास घेऊ शकत असल्याने आटत्या डोहातही तग धरते. झिंगे व खेकडे ओढ्यांत मिळतात.

तलावांत कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडतात. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना वाहत्या पुराचे पाणी लागते. १९५७ मध्ये ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या इंजेक्शनने या माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून बीज केंद्रांत तयार होऊ लागले आणि नदीपासून दूरच्या तलावांतही मत्स्यशेती शक्य झाली. तलावांचे ठेके मच्छीमार सहकारी संस्थांना दिले जातात; या व्यवसायात भोई समाज परंपरेने आहे. पावसाळ्यात बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडायची, हिवाळ्यात ती वाढू द्यायची आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की जाळे ओढायचे, असा हा क्रम असतो. श्रावणात गिऱ्हाईक कमी होते. माळकरी घरांत तर मासा वर्ज्यच.

लोकजीवन : ज्वारी, तूर, हरभरा व सोयाबीन ही मुख्य पिके असून पाण्याची सोय असेल तेथे ऊस होतो. दुभत्या जनावरांमुळे खवाभट्ट्यांचा धंदा रुजला आहे. तेरखेड्यात फटाक्यांचे कारखाने आहेत. सोलापूर-बीड महामार्ग तेरखेडा व पारगाव येथून जातो.

अवर्षण व अतिवृष्टी : मासेमारीला दोन्हींचा फटका बसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात खालच्या अंगाचे धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी तलावांचा तळ उघडा पडतो व मासे वाढण्याआधीच काढावे लागतात. याउलट सप्टेंबर २०२५ मध्ये जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. तलाव ओसंडला की सांडव्यावरून मासे वाहून जातात, म्हणून तेथे जाळी बांधतात. पाऊस वेळेवर व बेताचा झाला, तरच बिजाचा खर्च वसूल होतो.