कढईंतून इंजिनांत

दरवर्षीं १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन पाळला जातो. १८९३ सालीं याच दिवशीं रुडॉल्फ डिझेल यांनीं आपलें इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविलें, असें त्याचें कारण सांगतात. कथा गोड आहे, पण खरी नाहीं. ऑग्जबुर्ग येथील त्या प्रयोगांत खनिज तेलच होतें. भुईमुगाच्या तेलाचा प्रसंग घडला तो सात वर्षांनंतर, १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत. ऑटो कंपनीनें तेथें एक लहान डिझेल इंजिन या तेलावर चालविलें, आणि तें इतकें सुरळीत चाललें कीं, इंधन निराळें आहे हें फारच थोड्यांच्या ध्यानांत आलें. फ्रेंच सरकारची दृष्टि आफ्रिकेंतील वसाहतींकडे होती. तेथें भुईमूग मुबलक पिके. ही हकीकत डिझेल यांनींच १९१२ सालीं सांगितली.

मग गाड्या खनिज तेलावरच कां धांवल्या? एक कारण किंमत, दुसरें दाटपणा. वनस्पति-तेल डिझेलहून दसपटीपेक्षां अधिक दाट. त्याचा तुषार नीट उडत नाहीं, तें अर्धवट जळतें आणि इंजिनांत काजळी धरते. यावर ब्रसेल्स विद्यापीठांतील शाव्हान यांनीं तोड काढली. तेलाच्या रेणूंत ग्लिसरीनच्या मुठीशीं मेदाम्लांच्या तीन लांब सांखळ्या जोडलेल्या असतात. मद्यार्काशीं क्रिया घडविली कीं ग्लिसरीन सुटतें आणि पातळ इंधन उरतें. पाम तेलापासून असें इंधन करण्याचें बेल्जियन पेटंट शाव्हान यांस ३१ ऑगस्ट १९३७ रोजीं मिळालें, आणि पुढल्या उन्हाळ्यांत ब्रसेल्स ते लुव्हां या मार्गावर उतारूंची बस त्यावर धांवली. नंतर महायुद्ध आलें, मग स्वस्त पेट्रोलियम आलें, आणि शाव्हान विस्मृतींत गेले.

तळणाच्या तेलाची अडचण आणखी निराळी. वारंवार तापलेल्या तेलांत पाणी, अन्नाचा गाळ व सुटीं मेदाम्लें असतात. आज या क्रियेस दाहक सोडा वापरतात. त्याच्याशीं सुटीं अम्लें मिळालीं कीं इंधनाऐवजीं साबण होतो! म्हणून आधीं त्यांचा बंदोबस्त करावा लागतो. तो झाला म्हणजे शंभर किलो तेल व दहा-अकरा किलो मिथेनॉल यांपासून जवळजवळ शंभर किलो इंधन हातीं येतें. ऑस्ट्रियांतील ग्राट्झ शहरानें १९९४ सालीं अशा इंधनावर आपल्या बसगाड्या चालवून पाहिल्या.

भारतांत हा प्रश्न पोटाचाहि आहे. उपाहारगृहांनीं टाकलेलें तेल स्वस्तांत घेऊन त्यांत पुन्हा भजीं तळणारे गाडीवाले आहेत. त्यांस दोष देणें सोपें, पण ताजें तेल महाग पडतें. ध्रुवीय संयुगें २५ टक्क्यांहून अधिक झालेलें तेल १ जुलै २०१८ पासून अन्नास वर्ज्य ठरलें. त्याच वर्षींच्या धोरणानें २०३० पर्यंत डिझेलमध्यें ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचें लक्ष्य ठेवलें, आणि १० ऑगस्ट २०१९ रोजीं सरकारी तेलकंपन्यांनीं १०० शहरांत असें इंधन विकत घेण्याची तयारी दाखविली. मोठ्या खानावळींचें तेल पिंपांत गोळा करतां येतें. दिवाळीच्या चकल्यांनंतर घरांत उरणारें वाटीभर तेल मात्र अजून बहुधा मोरींतच जातें.