थकव्याच्या विषाचा शोध

नीरा डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू रानांत खेळूं लागलें आणि त्यामागोमाग ऊस आला. माळेगांव, भवानीनगर, वालचंदनगर येथें कारखाने उभे राहिले. आजही हंगामांत बीडकडून आलेलीं जोडपीं (‘कोयता’ हेंच अशा जोडीचें नांव) पहाटेपासून ऊस तोडतात. वाहन अपरात्रीं आलें तर मोळ्याही अपरात्रींच भरतात. अशा वेळीं हात तर गळतातच, पण साधा हिशेबही चुकतो. हातांचा शीण डोक्यांत जातो कसा, या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोवेधक आहे.

तूरिन येथील अँजेलो मोसो यानें थकलेल्या कुत्र्याचें रक्त ताज्यातवान्या कुत्र्यास टोचलें, तों तोही मरगळला. मोसोचा श्रमविषयक ग्रंथ १८९१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि थकवा म्हणजे रक्तांत भिनणारें विष असें शास्त्रज्ञांच्या मनानें घेतलें. १९०४ मध्यें जर्मनींत वाइखार्ट यानें या विषास ‘केनोटॉक्सिन’ असें नांव देऊन त्यावर उताराही काढला. तो शाळेच्या वर्गांत फवारूनही पाहण्यांत आला! विश्रांति न देतां विश्रांतीचें फळ पदरांत पडावें, ही लालूच त्यांत उघड होती. तें विष मात्र पुढें कोणासच सांपडलें नाहीं.

१९०७ मध्यें केंब्रिजच्या फ्लेचर व हॉपकिन्स यांनीं दाखविलें कीं, बेडकाच्या थकलेल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल सांचतें व प्राणवायु मिळतांच ओसरतें. मग तेंच गुन्हेगार ठरलें. वस्तुतः हृदय व मेंदू तें इंधन म्हणून वापरतात, हें मान्य होण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

१९३६ मध्यें हान्स सेल्ये यास आढळलें कीं, थंडी, जखम, अतिश्रम अशा भिन्न जाचांनीं उंदरांच्या शरीरांत बदल मात्र एकाच जातीचे होतात. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथि वाढतात. या ग्रंथींतील कॉर्टिसोल प्रसंगीं तारक असतें, पण महिनोन्‌महिने चढें राहिल्यास स्मरणशक्तीस बाधतें. २०२२ मध्यें पॅरिस येथें सुमारें सहा तास अवघड बौद्धिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढील भागांत ग्लुटामेट वाढलेलें दिसलें. तेंही बाहेरचें विष नव्हे, मेंदूचा नित्याचा निरोप्याच.

जागेपणीं मेंदूच्या पेशी शक्ति खर्च करतात तसतसें ॲडेनोसिन नांवाचें द्रव्य सांचत जातें व झोंपेची ओढ लावतें. फडांतील रात्रीच्या चहानें तें नाहींसें होत नाहीं. चहांतील कॅफीन केवळ त्याची जागा अडवून बसतें. चहाचा अंमल उतरला कीं ॲडेनोसिन पुन्हां आपल्या जागीं येतें.