धावत्या मोटारीचे तापलेले तेल

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे गाव साखरेमुळे नावारूपास आले. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथेच उभा राहिला. साखरेच्या गावात वंगणाचे तीन प्रकार एकाच नजरेत भरतात. उसाच्या बैलगाडीच्या आसाला पूर्वापार एरंडेलाची चिंधी पुरत आली. चाक इतके संथ फिरते की आस तापण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कारखान्यातील चरक त्याहून संथ, मिनिटास जेमतेम चार-सहा फेरे घेणारे. परंतु त्यांच्यावरील दाब अनेक टनांचा असल्यामुळे त्यांच्या बेअरिंगांतून पाणी खेळवावे लागते. तिसरे यंत्र उसाच्या मळ्यातील विहिरीवरचे तेलइंजिन. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने व 1946 साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ह्या पुण्याच्या कंपनीने ही यंत्रे महाराष्ट्राच्या शेतीत रुजविली. त्याच्या सिलिंडराभोवती विहिरीचेच पाणी फिरते आणि तळाच्या कुंडातील तेल आपले आपण निवते. त्या तेलाला थंड करण्याचा खटाटोप कोणी केला नाही, व करण्याची गरजही नव्हती.

तेच तेल मिनिटास सहा-सात हजार फेरे घेणाऱ्या शर्यतीच्या मोटारीत घातले, म्हणजे गोष्ट पालटते. मोटारीचे इंजिन पाण्याने थंड होते अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. पाणी सिलिंडराच्या भिंतीबाहेर फिरते. आत जळत्या वायूचा मारा डोक्यावर झेलणारा दट्ट्या आणि त्याच्याखाली गरगरणाऱ्या दांड्याची बेअरिंगे ह्यांच्यापर्यंत पाण्याचा हात पोहोचत नाही. तेथे पोहोचते ते केवळ तेल. म्हणजे तेल हे नुसते वंगण नव्हे, ते उष्णतेचे भारवाहकही आहे. आणि ह्या भारवाहकाचा दोष असा की, ओझे वाढले की तो स्वतःच दुबळा होतो. साधे खनिज तेल 40 अंश सेल्सियसवर जितके दाट असते, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकेच ते 100 अंशांवर दाट राहते. आणखी 40-50 अंश चढले की धातूंना एकमेकांपासून अलग ठेवणारा त्याचा पापुद्रा विरू लागतो, तेल जळकट होते, आणि धातूवर धातू घासून बेअरिंग धरते. शर्यतीत हे घडावयास काही मिनिटे पुरतात.

आरंभीच्या विमानांनी ही अडचण सोडविली नाही, टाळली. 1909 साली पुढे आलेल्या नोम इंजिनात सिलिंडरांसकट सारे इंजिनच गरगर फिरत असे, आणि त्याला पाजलेले एरंडेल एकदा काम करून बाहेर फेकले जाई. जे तेल परत यावयाचेच नाही ते थंड कशाला करावयाचे? एरंडेलाची निवड झाली ती ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही व उष्णतेत आपला दाटपणा टिकवून धरते म्हणून. वैमानिकाच्या तोंडावर त्याचे तुषार सतत उडत, आणि ह्या तेलाचा दुसरा गुणधर्म आपल्याकडे घरोघरी ठाऊक असल्यामुळे त्याचा परिणाम सांगत बसण्याचे कारण नाही. लंडनच्या वेकफील्ड कंपनीने 1909 साली काढलेल्या ‘कॅस्ट्रॉल’ तेलाचे नावदेखील एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातील एरंडीला त्यामुळे एकाएकी लष्करी मोल आले. अमेरिकेने तर येथून बी नेऊन आपल्याकडे तिची लागवड करविली. बैलगाडीच्या आसाचे तेल असे आकाशात चढले!

परंतु एरंडेल तापून चिकट राळेसारखे साचते, आणि फेकून देण्याची उधळपट्टी मोठ्या इंजिनास परवडणारी नव्हती. तेल पुनःपुन्हा फिरवावयाचे तर वाटेत कोठे तरी त्याची उष्णता काढून घेणे भाग होते. ह्याचे अत्यंत धीट उदाहरण म्हणजे श्नायडर चषकाच्या शर्यतीतील ब्रिटिश विमान सुपरमरीन एस 6 बी. त्याच्या रोल्स-रॉइस इंजिनाची शक्ती 2,300 अश्वशक्तीहून अधिक होती, आणि उघड्या जाळीला वारा अडवू द्यावा तर वेग घटे. रचनाकार आर. जे. मिचेल यांनी विमानाचे अंगच जाळी बनविले. तापलेले तेल धडाच्या दोन्ही कुशींवरील उथळ नळ्यांतून शेपटाकडे जाई, उभ्या पंखातील टाकीत उतरे व पोटाखालून परत येई. 13 सप्टेंबर 1931 रोजी ह्या विमानाने ताशी 340 मैलांच्या सरासरीने चषक जिंकला, आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेस ताशी 407 मैलांचा उच्चांक गाठला.

जमिनीवर मात्र तेल थंड करणारी जाळी चुकीच्या जागी बसली तर काय होते, ह्याचा धडा फोक्सवॅगनच्या छोट्या मोटारीने दिला. हे इंजिन केवळ वाऱ्यावर थंड होणारे. म्हणून तेलाची जाळी पंख्याच्या झोतातच उभी केली होती. जाळी तेलाची उष्णता घेई खरी, पण तिच्यामागे असलेल्या तिसऱ्या सिलिंडराला अडलेला व आधीच तापलेला वारा मिळे. पुष्कळ मोटारींचे तिसऱ्याच सिलिंडराचे झडप जळे! 1970-71 च्या सुमारास जाळी बाजूला सरकविण्यात आली, तेव्हा कोठे हा सावत्रभाव संपला. 1948 साली निघालेली पोर्शे 356 ही स्पोर्ट्स कारही ह्याच जातीच्या इंजिनावर धावत असे. तिची वारसदार 911 हिचे इंजिन मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे. तेथे वारा बेताचा. म्हणून 1969 च्या ‘एस’ जातीत तेल लांब नळ्यांतून पुढच्या उजव्या चाकापाशी नेऊन तेथे दुसरी जाळी बसविली. तेल थंड करण्यासाठी त्याला साऱ्या मोटारीची लांबी चालविणे हा उपाय हास्यास्पद वाटेल. पण 1998 पर्यंत ह्या घराण्याची इंजिने वारा आणि तेल ह्या दोहोंवरच तगली.

थंडावा मात्र अतिरेकी होऊन चालत नाही. गार तेल जडपणे वाहते, आणि पुरेसे न तापलेल्या तेलातील ओलावा उडून न गेल्याने त्याचा चिखल होतो. म्हणून चांगल्या रचनेत जाळीच्या तोंडाशी उष्णतेने आपोआप उघडणारी झडप असते. तेल सुमारे 80-90 अंशांवर पोहोचेपर्यंत ते जाळीत जातच नाही.

महाराष्ट्रात ही जाळी सामान्य माणसाच्या हाती आली ती मोटारीतून नव्हे, मोटारसायकलीतून. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने 2007 साली बाजारात आणलेल्या पल्सर 220 गाडीत इंजिनापुढे तेलाची एक लहानशी जाळी होती. पाणी नाही, पंखा नाही. काम करावयाचे ते समोरून येणाऱ्या वाऱ्याने. गळिताच्या हंगामात श्रीपूरच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाडीमागे रेंगाळावे लागले, की त्या जाळीला वारा मिळत नाही आणि तेल तापत राहते. गाडी वळणावर बाजूस होते, रस्ता मोकळा होतो, आणि पुढच्या मैलभरात ते पुन्हा निवते.