आग्र्याहून खितायकडे

दिल्लीहून आम्ही आग्र्यास जातो व ताज पाहून परततो. परंतु भूगोलातील एक जुना घोळ मिटवावयास एक मनुष्य याच नगरीतून निघाला होता, याचे स्मरण आम्हांस क्वचितच होते. मार्को पोलोने वर्णिलेला ‘खिताय’ आणि पोर्तुगीजांना समुद्रमार्गे ठाऊक झालेला चीन हे देश दोन की एकच, हा तो वाद. गोव्यात शिकलेला जेझुइट पाद्री मत्तेओ रिची पेकिंगहून ‘एकच’ म्हणे. अकबराच्या दरबारातील त्याच्या सहधर्मीयांस ते पटेना. तेव्हा १६०२ साली बेंतो द गोइश हा धर्मबंधू आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेषात निघाला. खर्चास अकबरानेही हातभार लावला. लाहोर, काबूल, यारकंद करीत १६०५ च्या अखेरीस तो चीनमधील सुचौ येथे पोहोचला आणि तेथेच अडकून पडला. रिचीने धाडलेला चिनी धर्मबंधू १६०७ मध्ये भेटला, त्यानंतर थोड्याच दिवसांत गोइश वारला. वाद मात्र मिटला होता.

त्याची रोजनिशी सहप्रवाशांनी फाडली. कारण तीत त्यांच्याकडील येणे टिपलेले होते. उरलेले तुकडे आणि इसाक या सोबत्याची साक्ष यांवरून रिचीने हा वृत्तांत जुळविला. परमुलखात कागदांशीच संसार मांडलेल्या आम्हांस या कथेतील वाटसरूइतकाच तो तुकडे जुळविणाराही वंदनीय वाटतो.