कळफलकाची परीक्षा कशी घ्यायची?

संगणकाचा तास सुरू झाला की मुलांचा एक प्रश्न हमखास येतो : 'यावरची अक्षरं ए, बी, सी, डी अशी ओळीनं का नाहीत?' आपल्याकडे उत्तर तयार असतं. जुन्या टाइपरायटरचे दांडे एकमेकांत अडकत, म्हणून टंकलेखकाचा वेग मुद्दाम कमी केला आणि तीच चूक आपण लॅपटॉपपर्यंत वाहत आणली. गोष्ट रंजक आहे, पण ती खरी आहे का? आणि मुळात, एखादा कळफलक चांगला की वाईट हे ठरवायचं कसं?

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर शोल्स आणि त्यांच्या साथीदारांनी १८६८ साली टाइपरायटरचं पेटंट घेतलं. सुरुवातीच्या नमुन्यात पियानोसारख्या पट्ट्या होत्या. पुढे बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला आणि १८७४ पासून यंत्र विक्रीला आलं. अक्षरांचे दांडे कागदाखाली गोलाकार टांगलेले असत आणि खालून वर आघात करत. शेजारचे दोन दांडे लागोपाठ उठले की अडकत, हे खरंच. पण ही अडचण टाळली तर लिहिण्याचा वेग वाढतो, कमी होत नाही!

क्योतो विद्यापीठाच्या कोइची आणि मोतोको यासुओका यांनी २०११ साली वेगळाच मुद्दा मांडला. हे यंत्र सुरुवातीला वापरणाऱ्यांत तारयंत्रावरचे लोक होते. अमेरिकी मोर्स लिपीत 'झेड'ची खूण आणि 'एस-ई' या जोडीची खूण यांत गल्लत होई. म्हणून 'एस' या दोन्ही अक्षरांजवळ हवा होता. आज आपल्या कळफलकावर तो तिथेच आहे, पाहा.

नवा कळफलक, नवी परीक्षा

१९३६ साली सिअ‍ॅटलमधले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक ऑगस्ट ड्वोरॅक यांनी नव्या मांडणीचं पेटंट घेतलं. बोटं जिथे टेकतात त्या मधल्या ओळीत त्यांनी पाचही स्वर आणि नेहमीची व्यंजनं आणली. इंग्रजी लिहिताना या ओळीवर सुमारे ७० टक्के काम होतं. जुन्या मांडणीत जेमतेम एक तृतीयांश. कागदावर नवी मांडणी सरसच दिसते.

१९४४ साली अमेरिकी नौदलाने १४ टंकलेखकांना नवी मांडणी शिकवली. प्रशिक्षणाचा खर्च थोड्याच दिवसांत भरून निघतो, असा निष्कर्ष निघाला. पण १९९० साली लिबोविट्झ आणि मार्गोलिस या अर्थतज्ज्ञांनी तो अहवाल बारकाईने वाचला. दोन गटांची प्रगती एकाच पद्धतीने मोजलेली नव्हती. शिवाय ड्वोरॅक स्वतः त्या काळी नौदलात अधिकारी होते!

१९५६ साली अर्ल स्ट्राँग यांनी अमेरिकी सरकारसाठी पुन्हा चाचणी घेतली. दहा टंकलेखकांना नव्या मांडणीवर आपला जुना वेग गाठायलाच रोज चार तासांच्या सरावाचे पंचवीसहून जास्त दिवस लागले. त्यानंतर दुसऱ्या गटाला जुन्याच मांडणीवर तेवढाच जादा सराव दिला, तेव्हा तोच गट जास्त पुढे गेला. थोडक्यात, सुधारणा दिसते ती यंत्रामुळे की सरावामुळे, हे वेगळं काढल्याशिवाय निकाल देता येत नाही.

आपल्या लिपीत

देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट मांडणी १९८६ साली ठरली आणि १९९१ च्या भारतीय मानकात आली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. 'क'च्या कळीवरच शिफ्ट दाबून 'ख', 'त'वर 'थ'. रचना वर्णमालेसारखी, म्हणून नवख्याला लवकर समजते. पण टाइपरायटरवर हात बसलेला माणूस इथे अडखळतो. दोघांनाही विचारलं तर दोघंही आपापल्या परीने खरंच सांगतील.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी चालेल. इंग्रजीच्या पुस्तकातली सलग शंभर अक्षरं घ्या. त्यांतली किती मधल्या ओळीवर, म्हणजे ए, एस, डी, एफ, जी, एच, जे, के, एल या कळींवर येतात, ते मुलांना मोजायला सांगा. वर दिलेला एक तृतीयांशाचा आकडा जुळतो का?

लॅपटॉप असेल तर त्याचा कळफलक आणि टेबलावरचा सुटा कळफलक यांची तुलना करा. दोन्हींत कळींमधलं अंतर सहसा १९ मिलिमीटरच्या आसपास असतं. पण सुट्या कळफलकाची कळ बहुधा साडेतीन-चार मिलिमीटर खाली जाते, लॅपटॉपची जेमतेम एक-दीड. अर्ध्या मुलांनी आधी एक वापरावा, अर्ध्यांनी दुसरा. उतारे सारख्या अवघडपणाचे हवेत. वेगाबरोबर चुकाही मोजा आणि आठवडाभराने पुन्हा मोजा.

पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याचे आकडे फळ्यावर शेजारीशेजारी लिहा. दुकानात पाच मिनिटं बोटं फिरवून 'हा कळफलक वाईट' म्हणणारा माणूस नेमकं काय मोजतो, हे मुलंच सांगतील.